कर्टिस लिंडमार्कबद्दल विचारणा

गुरुवारी सकाळी फोन वाजला तेव्हा वर्ना डिट्मरचे दोन्ही हात लोण्यामैद्यात बरबटलेले होते. एल्डनने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, फोन उचलून तिच्या कानाशी धरला आणि तसाच उभा राहिला. त्याला वाटलं, मेहुणीचा असेल. पण पलीकडे एक अनोळखी बाई भराभरा, हसत हसत बोलत होती.

"वर्ना का? मी डेलिया टोफ्ट, टॅमरॅक बेंडहून बोलतेय. तुम्ही तुमच्या गावच्या पोलीस समितीवर आहात ना, तशीच मी आमच्या. कर्टिस लिंडमार्क नावाचा पोलीस होता ना तुमच्याकडे? त्याने आमच्याकडे अर्ज केलाय. सोमवारी संध्याकाळी सहाला आमची सभा आहे, तेव्हा ठरवायचंय. म्हटलं, तुम्हालाच विचारावं. कसा होता हो माणूस?"

वर्ना बोटांना चिकटलेलं पीठ खरवडायला लागली.

"कर्टिस होय," ती म्हणाली. "वेळेवर यायचा. कधी उशीर म्हणून नाही." मग तिने खिडकीबाहेर पाहिलं. "तुमच्याकडे तलावावरचा बर्फ फुटला का हो? आमच्याकडे अजून मधोमध तसाच आहे. कडा तेवढ्या सुटल्यात."

आणि मग वर्ना बर्फाबद्दल बोलत राहिली. गेल्या वर्षी कधी फुटला होता, त्याच्या आदल्या वर्षी कुणाची बर्फावर उभारलेली मासेमारीची खोपटी तळाशी गेली, सगळं. डेलिया टोफ्ट पण मोठी गोड बाई, "हो का? अगंबाई!" करत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बरं, आणखी काही आठवलं तर सोमवारच्या आत कळवा हं मला," आणि फोन बंद झाला.

एल्डनने फोन ओट्यावर ठेवला. सगळं त्याच्या कानावर पडलंच होतं.

"बर्फाचं काढलंस होय मुद्दाम?" त्याने विचारलं.

बघा, एल्डनला कसं लगेच कळलं! विस्कॉन्सिनच्या त्या भागात जन्मलेल्या कुणालाही कळलं असतं. तिथली माणसं फोनवर कुणाची निंदा करत नाहीत. जीभच वळत नाही त्यांची. एखाद्या माणसाबद्दल विचारावं आणि समोरच्याने मासे, बर्फ, नाहीतर हरणांची शिकार असलं काही काढावं, की समजायचं, उत्तर मिळालं. मग आपणही दोन शब्द माशांबद्दल बोलायचे आणि त्या माणसापासून चार हात लांब राहायचं.

"झालं की मग," एल्डन म्हणाला. "सांगितलंस तू तिला. कर्टिसबद्दल बोलू नका हा वकिलाचा शब्दही मोडला नाहीस. टोफ्ट म्हणजे इथलंच घराणं, तिला काय कळायचं राहतंय?"

"हो ना," वर्ना म्हणाली, आणि मैदा जास्तच जोरात मळायला लागली.

वर्नाचं हॅगेनवूड हे साडेतीन हजार वस्तीचं गाव. पोलिसांच्या जागा सात. त्या जागांवर कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं, कोणत्या वेळेला किती जण कामावर असायचे आणि त्यासाठी गावाकडे किती पैसे मागायचे, हे गावातलीच पाच साधी माणसं ठरवतात. पगार नाही, मान थोडा, शिव्या भरपूर. वर्नाने एकतीस वर्षं शाळेचं स्वयंपाकघर चालवलं होतं. पोरांना जेवू घालणारी बाई पोलिसांनाही ताळ्यावर ठेवील, असं म्हणून तिला समितीवर घेतलं. तिलाही ते आवडलं, खोटं कशाला बोला.

दोन वर्षांपूर्वी सातातल्या दोन जागा रिकाम्या होत्या. आठ महिने झाले तरी भरत नव्हत्या. कशा भरणार? आदल्या वर्षी पगारवाढ याच समितीने कापली होती, वर्नाचाही हात त्यात वर होता. गावाने कर वाढवायला नाही म्हटलं, यांनी मान तुकवली. मग पोलीसप्रमुख गॉर्डन स्टेल्झर स्वतः रस्त्यावर फिरायला लागला, अठ्ठावन्नाव्या वर्षी, हृदयात दोन नळ्या बसवलेल्या असताना. रविवारी दुपारी तर गावात एकही पोलीस नसायचा. किराणा दुकानात लोक वर्नाची सामानाची ढकलगाडी अडवायचे, "काय हो वर्ना, चोरांना तारखा कळवता का आता?" असं म्हणायचे.

अशात अर्ज आला तो कर्टिस लिंडमार्कचा. एकच अर्ज. समितीतली रीत अशी, की उमेदवाराच्या जुन्या ठिकाणी फोन करायचं काम पाचांत वाटून घ्यायचं. ग्रँडस्ट्रॉम गावाला फोन करायचं वर्नाच्या वाट्याला आलं. तिथला पोलीसप्रमुख रॅसमुसेन म्हणून म्हातारा होता. वर्नाने विचारलं, कर्टिस कसा?

"वेळेवर यायचा," रॅसमुसेन म्हणाला. मग, "यंदा वॉलआय मासा काही धड लागत नाहीये बाई."

वर्नाला कळलं. तिथल्या तिथे, लख्ख कळलं. हातातलं पेन थांबलं होतं तिचं. पण तिच्या डोळ्यांपुढे गॉर्डनचा पांढराफटक चेहरा आला, दुकानातले टोमणे आठवले, आणि ती म्हणाली, "हो ना, आमच्याकडेही तसंच." दहा मिनिटं माशांवर बोलून तिने फोन ठेवला आणि कागदावर लिहिलं, 'वक्तशीर. तक्रार नाही.' समितीत तो कागद फिरला. पाचही हात वर गेले.

पुढे काय झालं ते गावाला ठाऊक आहे. मायलो वोयचिक हा चाळीस वर्षं चीजच्या कारखान्यात राबलेला माणूस, यंत्रांच्या आवाजाने कान गेलेला. ऑक्टोबरातल्या एका दुपारी हार्डवेअरच्या दुकानासमोर आपल्या ट्रकमध्ये बसून सँडविच खात होता. कानातलं यंत्र शिट्टी मारायला लागलं म्हणून काढून ठेवलेलं. कुणीतरी फोन केला, हा ट्रक मघापासून उभा आहे म्हणून. कर्टिस आला, बाहेर ये म्हणाला. मायलोला ऐकू काय येणार! ओठ हललेले दिसले तेव्हा तो यंत्राची डबी घ्यायला खाली वाकला. कर्टिसने त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि डांबरावर आपटलं. खुबा मोडला, खांदा निखळला. सँडविच तिथेच पडलेलं होतं, असं पाहणारे सांगतात.

वकील बसले. करार झाला. कर्टिसने राजीनामा द्यायचा, गावाने प्रकरण मिटवायचं, आणि कुणी विचारलं तर तो कामावर आला कधी नि गेला कधी, एवढंच सांगायचं. त्यापलीकडे एक शब्द नाही. समितीत पुन्हा पाच हात वर गेले. सगळे म्हणाले, कागदावर तर तो स्वच्छ होता, कुणाला काय कळणार? वर्ना मूग गिळून बसली. तेव्हापासून तिला मायलोच्या घरावरून गाडी नेतानाही चोरासारखं वाटायचं.

शनिवारी ती लिंबाच्या वड्या घेऊन मायलोकडे गेली. महिन्यातून एकदा जायचीच. जाऊन आलं की दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा पहिले पाढे.

मायलो वॉकर ढकलत दारापर्यंत आला. "आली बघ आमची सरकारी बाई," तो बायकोला ओरडून म्हणाला. कान नसलेल्या माणसाचं हळू बोलणंही ओरडणंच असतं. "जेनिव्हिव, कॉफी टाक! हिला दूध जास्त लागतं, पगार नाही ना तिला!"

जेनिव्हिवने कॉफी आणली. मायलोच्या मांडीवरचं पांघरूण सारखं केलं. मग वर्नाच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही तिथे आहात ना, म्हणून मला रात्री झोप लागते. म्हणते मी याला, वर्ना बसलीय तिथे, असला माणूस आता पुन्हा कुणाच्या दारात येणार नाही."

वर्नाला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. हातातली वडी तिने बशीत परत ठेवली.

"तो पोरगा कुठे असतो आता?" मायलोने विचारलं.

"काय?"

"अगं, बहिरा मी की तू? तो पोलीस. कुठे गेला?"

"ठाऊक नाही," वर्ना म्हणाली.

"असेल कुठेतरी. पोट सगळ्यांनाच आहे. काहीही काम मिळो त्याला, फक्त म्हाताऱ्यांच्या जवळपास नको." आणि मायलो स्वतःच्याच बोलण्यावर खो खो हसला. हसताना खांदा दुखला तसा कळवळला. वर्ना उठली. दुकानात जायचंय म्हणाली, आणि दुकानात न जाता गाडीत बसून रडली. आपल्याच तोंडाची तिला किळस आली.

रविवारी चर्चमधून आल्यावर तिने एल्डनला सांगितलं. सगळं. रॅसमुसेन, मासे, थांबलेलं पेन.

एल्डन बूट काढत होता. एक बूट हातात तसाच राहिला.

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"आणि तू लिहिलंस तक्रार नाही."

"हो म्हणतेय ना!"

"बत्तीस वर्षं झाली आपल्या लग्नाला, वर्ना," तो म्हणाला, "माझं एक खोटं तू कधी चालवून घेतलं नाहीस. एक बिअर जास्त झाली तरी माझा पंचनामा करतेस." मग त्याला तिचा चेहरा दिसला असावा. त्याने बूट खाली ठेवला. "त्या बाईला फोन कर. बर्फाबिर्फाचं नको. सरळ सांग."

"करार मोडेल. गावावर दावा लावेल तो."

"मग गॉर्डनला विचार. पण कर."

सोमवारी दुपारी ती गॉर्डनकडे गेली. पोलीस चौकीत तो एकटाच होता, टेबलावर पुढच्या महिन्याच्या पाळ्यांचा तक्ता पसरून बसला होता. वर्नाने टॅमरॅक बेंडचं सांगितलं. माशांचं नाही सांगितलं.

"मलाही आला होता त्यांचा फोन," गॉर्डन म्हणाला. "मी तारखा सांगितल्या."

"फक्त तारखा?"

"वकिलाने तेवढंच लिहून दिलंय ना. वर्ना, हे बघ." त्याने तक्त्यावर बोट ठेवलं. "सातवा माणूस. मे महिन्यात येतोय. चांगली पोरगी आहे, तूच मत दिलंस तिला. उद्या कर्टिसने दावा लावला तर गाव पैसे कुठून काढणार? हिच्या पगारातून. मग रविवारी दुपारी पुन्हा मी एकटा. सांग, चालेल तुला?"

"नाही," वर्ना म्हणाली.

"मग झालं तर." मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "मलाही बरं वाटत नाही गं. पण मी काय करू?"

घरी येऊन ती स्वयंपाकघरात बसली. चार वाजले, पाच वाजले. एल्डन दोनदा डोकावून गेला. ती मनाशी म्हणत होती, सांगितलंय मी तिला, आमच्या पद्धतीने सांगितलंय, टोफ्टांच्या घरातल्या बाईला बर्फाचा अर्थ कळत नसेल होय! आणि दुसरीकडे जेनिव्हिवचा हात तिच्या हातावरून हलत नव्हता.

सव्वासहाला तिने फोन उचलला आणि डेलियाचा नंबर लावला. फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही. सहाला सभा सुरू झालेली, कोण उचलणार? आणि खरं सांगायचं तर वर्नाला ते ठाऊक होतं. सव्वासहाला कुणी उचलणार नाही, म्हणूनच तिने सव्वासहाला फोन केला. आपण केला होता, असं म्हणता यावं म्हणून. फोन खाली ठेवताना तिला हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची इतकी लाज वाटली की तिने दिवाच घालवला.

मंगळवारी सकाळी डेलियाचाच फोन आला.

"वर्ना! काल तुमचा फोन येऊन गेलेला दिसला. अहो, झालं काम! सगळ्यांनी एकमताने घेतलं त्याला. लगेच शपथही दिली, आमच्याकडे माणसांची इतकी मारामार आहे ना, काय सांगू तुम्हाला. आजपासून कामावर."

वर्ना खुर्चीवर बसली.

"एकाने विचारलं सभेत," डेलिया सांगत होती, "की जुन्या गावी कुणाशी बोललात का. मी म्हटलं, बोलले तर! वर्ना डिट्मरशी बोलले. इतकी मनमोकळी बाई, तलावाच्या किती गोष्टी सांगितल्या मला. काही वाईट असतं तर ती बोलली नसती का? म्हटलं ना मी तसं."

"डेलिया," वर्ना म्हणाली, "तुम्ही इथल्या ना?"

"मी? नाही हो! ॲरिझोनाची मी. टोफ्ट माझा नवरा. चार वर्षं झाली इकडे येऊन. बर्फ फुटतो म्हणजे काय हे मला तुमच्याकडूनच कळलं बघा." आणि ती हसली.

वर्नाने डोळे मिटले. आता लपायला काहीच उरलं नव्हतं. तिने बोलायला सुरुवात केली, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबली नाही. ट्रक, कानातलं यंत्र, डबी, डांबर. खुबा आणि खांदा. करार. मग रॅसमुसेन आणि त्याचे मासे, आणि आपण कागदावर काय लिहिलं ते. मग गुरुवारचा बर्फ. मग कालचे सव्वासहा. तेही सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.

पलीकडचं हसणं केव्हाच थांबलं होतं.

"हे तुम्ही मला आत्ता सांगताय?" डेलिया म्हणाली. "काल सकाळी सांगितलं असतंत तर? पाच वाजता सांगितलं असतंत तरी चाललं असतं! मी फोनजवळच बसून होते."

"हो."

"हो काय हो! मी उभं राहून तुमचं नाव घेतलं तिथे. माझ्या शब्दावर त्यांनी हात वर केले. आता मी जाऊन काय सांगू? चौकशीच नीट केली नाही म्हणून? मी कुठल्या तोंडाने फिरू या गावात? चार वर्षांनी कुठे लोक मला आपली म्हणायला लागलेत."

वर्नाला तिची इतकी दया आली की क्षणभर वाटलं, म्हणावं, राहू दे मग, नका सांगू, होईल सगळं ठीक. कसं सहज निघालं असतं ते तोंडून! तिने ओठ घट्ट दाबून धरले.

"मी हे ऐकलंच नाही असं समजते," डेलिया हळूच म्हणाली. "तुम्हीही करार मोडलेला नाही, असं समजा. कदाचित सुधारला असेल तो. माणसं सुधारतात."

"डेलिया, जवळ पेन आहे का?"

"कशाला?"

"लिहून घ्यायला. कोणी सांगितलं म्हणून विचारलं तर वरती माझं नाव घाला, पूर्ण घाला. दावा लागला तर माझ्यावर लागू दे."

"वर्ना, माझी अब्रू जाईल हो."

"जाईल," वर्ना म्हणाली, आणि आता तिला रडू आवरेना. "मी माझी जाऊ दिली नाही, म्हणून तर तो तुमच्या दारात उभा आहे. घ्या पेन. मी थांबते."

दारात एल्डन येऊन उभा होता, त्याच्याकडे तिने पाहिलं नाही.

"मायलो वोयचिक," ती म्हणाली. "वय त्र्याहत्तर. उजवा खुबा." डेलिया लिहीत होती की नव्हती, तिला कळत नव्हतं. फोन अजून बंद झालेला नाही एवढंच ऐकू येत होतं. म्हणून ती एकेक शब्द सावकाश, लिहिणाऱ्याला वेळ मिळेल असा, सांगत राहिली.